जर्मनीत नोकरी आणि तिथे रुळणं: सतत विचारले जाणारे प्रश्न

नाशिकचा फिटर, साताऱ्याची नर्स, हिंजवडीतला टेस्टर: माणसं वेगळी असली तरी माझ्याकडे प्रश्न बहुतेक तेच येतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. वेगळं वर्ष सांगितलं नसेल तिथे रकमा २०२६ च्या आहेत. त्यातल्या बऱ्याच दर जानेवारीत बदलतात, म्हणून अर्ज भरण्याआधी ‘मेक इट इन जर्मनी’ या तिथल्या सरकारी पोर्टलवर एकदा पडताळून घ्या.

१. आधी व्हिसा की आधी नोकरी?

बहुतेकांसाठी आधी नोकरी. शिक्षणाचा किंवा पदवीचा कागद, त्याला जर्मनीत मिळालेली मान्यता आणि कंपनीचं करारपत्र, या तीन गोष्टी हातात असल्या की व्हिसा हा बराचसा वेळेचा प्रश्न उरतो. कंपनीची घाई असेल तर ती तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात ४११ युरो भरून जलद प्रक्रिया सुरू करू शकते. तो अर्ज मालकाच्या बाजूने होतो, त्यामुळे मुलाखतीच्या शेवटी तसं मोकळेपणाने विचारा. नोकरी हातात नसताना जाण्याची वाट प्रश्न ५ मध्ये आहे.

२. माझी डिग्री तिथे चालते का, हे कुठे कळतं?

आधी तुमचं काम कोणत्या गटातलं आहे ते बघा. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, शाळेतले शिक्षक यांना मान्यतेशिवाय कामाला हात लावता येत नाही. सॉफ्टवेअर, मेकॅनिकल, अकाउंट्स, मार्केटिंग या क्षेत्रांत तशी सक्ती नसते, पण व्हिसासाठी पदवी जर्मन पदवीच्या तोडीची आहे हे दाखवावं लागतं.

त्यासाठी ‘अनाबिन’ ही सरकारी यादी आहे आणि ती फुकट बघता येते. विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ (म्हणजे संस्था मान्यताप्राप्त) असेल आणि तुमची पदवीही तोडीची म्हणून नोंदलेली असेल, तर त्या पानांची प्रिंट पुरते. नसेल तर बॉनच्या ‘झाब’ या कार्यालयाकडून मूल्यांकनपत्र मागवायचं. त्याची फी २०८ युरो.

इथे आपली मंडळी हमखास दोन ठिकाणी अडतात. एक, कॉलेजचं नाव शोधत बसतात. कॉलेज संलग्न असेल तर शोधायचं विद्यापीठ. दुसरं, विद्यापीठांची नावं बदलली आहेत. २०१४ च्या आधीच्या प्रमाणपत्रावर नुसतं ‘पुणे विद्यापीठ’ आहे आणि १९९४ च्या आधीच्यावर ‘मराठवाडा विद्यापीठ’. जुन्या आणि नव्या, दोन्ही नावांनी शोधा आणि अर्जासोबत नामांतराचा खुलासा जोडा.

आणखी एक काम भारत सोडण्याआधीच उरका. आपल्याकडची अनुभवपत्रं म्हणजे दोन तारखा आणि ‘उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा’. जर्मन मालकाला आणि मान्यता देणाऱ्या कार्यालयाला हवं असतं ते तुम्ही नेमकं काय केलं: कोणती यंत्रं, कोणती सॉफ्टवेअर्स, हाताखाली किती माणसं. नोकरी सोडताना एचआरकडून असं पत्र मागा. वर्षभराने मागायला गेलात तर तुम्हाला ओळखणारा माणूसच तिथे नसतो.

३. माझं आयटीआय झालंय. मला वाट आहे का?

आहे, पण ट्रेडवर अवलंबून आहे. फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे ट्रेड. वेल्डर आणि प्लंबर एक वर्षाचे. जर्मनीच्या बऱ्याच वाटांवर ‘किमान दोन वर्षांचं, सरकारमान्य प्रशिक्षण’ ही अट आहे, त्यामुळे एक वर्षाच्या ट्रेडवाल्याला बहुतेकदा पुढचा, प्रशिक्षणाचा मार्ग उरतो.

दोन वर्षांच्या ट्रेडवाल्यांनी आधी मान्यतेचा अर्ज करावा. कारखान्यातल्या ट्रेडसाठी न्यूरेंबर्गचं ‘आयएचके फोसा’ आणि कारागिरीच्या धंद्यांसाठी त्या त्या भागाचं ‘हांडवेर्क्सकामर’, म्हणजे कारागिरांचं मंडळ. ते तुमचा अभ्यासक्रम तिथल्या तीन-साडेतीन वर्षांच्या प्रशिक्षणाशी ताडून बघतात. पूर्ण मान्यता क्वचित मिळते, अर्धवट मिळते. त्याने खचू नका, त्यात तुमचा कामाचा अनुभवही मोजला जातो. मार्च २०२४ पासून ‘मान्यता भागीदारी’ नावाची सोय आहे: मालक तयार असेल आणि जर्मन ए२ (भाषेच्या पातळ्या चढत्या क्रमाने: ए१, ए२, बी१, बी२) असेल, तर तिथे जाऊन पगारी काम करत उरलेली मान्यता पूर्ण करता येते. त्यासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतात.

दुसरा मार्ग ‘आउसबिल्डुंग’, म्हणजे तिथलंच प्रशिक्षण पहिल्यापासून. आठवड्यातले काही दिवस कारखान्यात, काही शाळेत, आणि दरमहा विद्यावेतन. २०२५ मध्ये सुरू झालेल्या प्रशिक्षणाला पहिल्या वर्षी कायद्याने किमान ६८२ युरो होते, मोठ्या कंपन्या बरेच जास्त देतात. यासाठी साधारण बी१ जर्मन लागतं. विशीतल्या मुलांना मी हाच मार्ग सांगते. ‘पुन्हा शिकाऊ कशाला?’ असं घरचे म्हणतात, पण तीन वर्षांनी हातात जर्मन कागद असतो आणि तो कोणी ताडून बघत नाही.

४. महाराष्ट्र सरकारने जर्मनीशी करार केलाय ना? मग सरकारच पाठवणार का?

करार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत सामंजस्य करार केला. पहिल्या टप्प्यात सुमारे १०,००० जणांचं उद्दिष्ट जाहीर झालं, त्यात नर्सिंग, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, हॉटेलातली कामं असे गट आहेत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मन सरकारने कुशल भारतीयांसाठीच्या वार्षिक व्हिसांची संख्या २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याचं जाहीर केलं.

पण करारामुळे भाषा माफ होत नाही आणि मान्यताही माफ होत नाही. सरकारी भाषा वर्गात जागा मिळाली तर जरूर घ्या. नुसतं ‘माझं नाव यादीत आहे’ म्हणून वाट बघत बसू नका.

५. संधी कार्ड, म्हणजे ‘चान्सेनकार्ट’, घेऊन तिथे जाऊन नोकरी शोधू का?

१ जून २०२४ पासून ही सोय सुरू आहे. किमान दोन वर्षांचं मान्यताप्राप्त व्यवसाय शिक्षण किंवा पदवी, त्यासोबत जर्मन ए१ किंवा इंग्रजी बी२, आणि वर किमान सहा गुण. गुण वय, अनुभव, भाषा, आधीचं जर्मनीतलं वास्तव्य, जोडीदाराची पात्रता यांवर मिळतात. पस्तिशीच्या आत असाल तर दोन, गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा अनुभव असेल तर दोन, जर्मन बी२ असेल तर तीन. कार्ड एक वर्षाचं. त्या काळात आठवड्याला २० तास काम करता येतं.

अडचण पैशांची. २०२५ च्या हिशेबाने महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे तेरा हजारांवर युरो अडकवून दाखवावे लागतात. कर्ज काढून, जर्मन ए१ वर हे कार्ड घेऊन जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ‘तिथे गेल्यावर मिळेल काहीतरी’ म्हणत गेलेली मुलं दिवसा डिलिव्हरी करतात आणि वर्ष संपत आलं की घाबरून फोन करतात. बी१-बी२ जर्मन आणि मागणीतलं कौशल्य असेल तर मात्र जरूर विचार करा: प्रत्यक्ष भेटून मुलाखत देणाऱ्याला लहान कंपन्या जास्त मोजतात.

६. ब्लू कार्डसाठी पगार किती लागतो?

ब्लू कार्ड म्हणजे मुख्यतः पदवीधरांसाठीचा, ठरावीक पगाराच्या वरचा राहण्या-कामाचा परवाना. त्यासाठी वर्षाला किमान ५०,७०० युरो. अभियांत्रिकी, आयटी, वैद्यकीय अशा तुटवड्याच्या व्यवसायांना आणि नुकत्याच पदवीधर झालेल्यांना ४५,९३४.२० युरो. आयटीतल्या माणसाकडे पदवी नसली तरी ठरावीक अनुभव आणि पगार असल्यास वाट आहे, त्यासाठी गेल्या सात वर्षांतला किमान तीन वर्षांचा अनुभव कागदावर दिसायला हवा. त्यापेक्षा कमी पगार असेल तर ब्लू कार्ड नाही, पण कुशल कामगाराचा साधा परवाना मिळू शकतो.

७. मी जीएनएम / बीएस्सी नर्सिंग आहे. लगेच नर्स म्हणून काम मिळेल?

लगेच नाही. मान्यतेचा अर्ज केल्यावर बहुतेक भारतीय नर्सना ‘एवढं कमी पडतं’ असं पत्र येतं. मग एकतर रुग्णालयात जुळवून घेण्याचं प्रशिक्षण किंवा ज्ञान परीक्षा. तोपर्यंत तुम्ही मदतनीस म्हणून, कमी पगारावर काम करता. पूर्ण परवान्यासाठी बहुतेक राज्यं बी२ मागतात. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू ठेवा, ती लागते.

खरा धक्का कामाचा बसतो. आपल्याकडे आंघोळ घालणं, भरवणं, बेडपॅन ही कामं नातेवाईक किंवा वॉर्डातल्या मावशी-मामा करतात. तिथे ती नर्सची कामं आहेत, आणि ती करताना रुग्णाकडे बघून बरंच काही टिपायचं असतं. उलट, इथे आपण रोज सफाईने करतो त्या काही गोष्टी, उदाहरणार्थ शिरेत सुई घालणं, तिथे बऱ्याच ठिकाणी डॉक्टर करतात. दहा वर्षं आयसीयूत काढलेल्या ताईंना हे अपमानासारखं वाटतं. निघण्याआधी हे माहीत असलेल्या टिकतात. न सांगता पाठवलेल्या पहिल्या हिवाळ्यातच परतीचं तिकीट बघायला लागतात.

करारात एक कलम नीट वाचा: भाषेचा आणि प्रवासाचा खर्च मालकाने केला असेल तर ‘अमुक वर्षांच्या आत सोडल्यास पैसे परत’ असं लिहिलेलं असतं. रक्कम किती आणि दर महिन्याला ती कमी होत जाते का, हे सहीआधी विचारा.

८. एजंट पाच लाख मागतोय. द्यावे का?

नाही. परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो, आणि उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्कावर ३०,००० रुपये अधिक जीएसटी ही मर्यादा आहे. परवाना ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर तपासता येतो. भाषा वर्गाची फी वेगळी असू शकते, पण तिची पावती वेगळी मागा. नर्सिंगमध्ये चांगले जर्मन मालक भरतीचा खर्च स्वतः उचलतात. ‘भाषा लागत नाही’ आणि ‘व्हिसाची गॅरंटी’ ही दोन वाक्यं ऐकली की उठून या.

९. ऑफिसात इंग्रजी चालतं म्हणतात. मग जर्मन कशाला?

सगळ्यात जास्त येणारा आणि सगळ्यात जास्त कानाआड केला जाणारा प्रश्न.

आयटीत, संशोधनात, बर्लिनच्या स्टार्टअपमध्ये इंग्रजीवर नोकरी लागते, हे खरं आहे. मीटिंगही इंग्रजीत होते. मीटिंग संपल्यावर कॉफीच्या यंत्राशी जे बोललं जातं ते जर्मनमध्ये, आणि पुढचा प्रकल्प कोणाकडे जाणार हे पुष्कळदा तिथेच ठरतं. ग्राहकाशी बोलणारं पद, टीम सांभाळण्याचं पद, कारखान्याच्या मजल्यावरचं कोणतंही पद जर्मनशिवाय मिळत नाही. पहिली दोन वर्षं हे जाणवत नाही. जाणवतं ते नोकरी जाते तेव्हा (प्रश्न १५): इंग्रजीवर मिळणाऱ्या जागा थोड्या आणि त्यांच्यावर अर्ध्या जगाचे अर्ज. स्टुटगार्टच्या आसपासच्या मध्यम कंपन्यांत कामं असतात, पण त्यांच्या जाहिराती जर्मनमध्ये असतात आणि मुलाखतीही.

म्हणून बी१ भारतातच करा. पुणे-मुंबईत मॅक्स म्युलर भवन आहे, इतर शहरांत चांगले शिक्षक आहेत, ऑनलाइनही जमतं. तिथे गेल्यावर आठ तास काम करून संध्याकाळी वर्गाला बसणं फार थोड्यांना जमतं. ज्यांना जमतं त्यांच्यासाठी गावोगावची ‘फोल्क्सहोखशूल’, म्हणजे प्रौढांसाठीची शिक्षणसंस्था, स्वस्त आहे. सहकारी सौजन्य म्हणून इंग्रजीवर येतात, त्यांना हसून सांगा की माझ्याशी जर्मनच बोला, हळू बोला. आणि श्वाबियातली, म्हणजे स्टुटगार्टच्या आसपासची, बोली पहिले सहा महिने कळली नाही तर वाईट वाटून घेऊ नका, हॅम्बर्गच्या माणसालाही ती कळत नाही.

१०. पोहोचल्यावर पहिल्या महिन्यात काय काय?

घर मिळाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी, ‘आनमेल्डुंग’. त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, म्हणून ते द्यायला नकार देणारं घर घेऊ नका, कितीही स्वस्त असो. नोंदणी झाली की करक्रमांक टपालाने येतो. आरोग्य विमा, बँक खातं आणि राहण्याच्या परवान्याच्या कार्डासाठी कार्यालयात जाणं ही पुढची कामं. परदेशी नागरिक कार्यालयाची वेळ मोठ्या शहरांत मिळता मिळत नाही, ती पोहोचल्या दिवशीच मागायला घ्या.

११. ४,५०० युरो पगार ठरला होता, हातात इतका कमी का?

पेन्शनला १८.६ टक्के, आरोग्य विम्याला १४.६ टक्के आणि वर थोडा जादा हप्ता, बेरोजगारी विम्याला २.६ टक्के, शिवाय शुश्रूषा विमा. यातला साधारण अर्धा भाग तुमच्या पगारातून जातो, अर्धा मालक भरतो. त्यानंतर आयकर.

करवर्गामुळे, म्हणजे पगारातून दरमहा किती कर कापायचा हे ठरवणाऱ्या गटामुळे, बरेच गोंधळतात. लग्न झालंय पण जोडीदार भारतात आहे, तर तुम्ही एकट्याच्याच वर्गात, म्हणजे पहिल्या वर्गात. जोडीदार जर्मनीत राहायला आल्यावर एकाला तिसरा आणि दुसऱ्याला पाचवा वर्ग अशी जोडी घेता येते. मग पाचव्या वर्गातल्याचा पगार दिसायला फारच लहान दिसतो. तो कमी पगार नाही, वर्षाच्या विवरणपत्रात दोघांचा हिशेब एकत्र होतो. ही जोडी घेतली की विवरणपत्र भरणं सक्तीचं आहे.

वसई-गोव्याच्या कॅथलिक मंडळींसाठी: नोंदणीच्या फॉर्मवर धर्म लिहिला की चर्च कर सुरू होतो. तो आयकराच्या ८ किंवा ९ टक्के असतो, राज्यावर अवलंबून. ही गोष्ट भारतातून निघताना कोणी सांगत नाही आणि पहिल्या पगारपत्रकावर कळते.

१२. काम चोख करतो, तरी साहेब खूश वाटत नाही. काय चुकतंय?

बहुतेक वेळा ‘होऊन जाईल, सर’ हे चुकतंय. आपल्याकडे तो आदर असतो. तिथे ती तारखेसकट दिलेली हमी मानली जाते. अडचण मंगळवारी सांगितली तर कोणी रागावत नाही, उलट मदतीला माणूस देतात. तीच शुक्रवारी सांगितली तर पुढच्या वेळी तुमच्या शब्दावर काम सोपवत नाहीत. न कळलेलं तिथल्या तिथे विचारा. ‘हे मला पटत नाही, कारण…’ असं वरिष्ठाला म्हणणं उद्धटपणा नाही, फक्त कारण तयार हवं. चूक दाखवताना ते थेट बोलतात आणि पाच मिनिटांनी सोबत जेवायला बसतात. ते मनात ठेवून घरी आणू नका.

रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्याचं कौतुक होत नाही, त्याचं नियोजन कच्चं आहे असा समज होतो. आणि वाढदिवस तुमचा असेल तर केक तुम्हीच न्यायचा.

पहिले सहा महिने साधारणपणे परीविक्षेचे असतात आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या सूचनेवर नोकरी जाऊ शकते. तिसऱ्या महिन्यात स्वतःहून वरिष्ठाकडे ‘माझं कसं चाललंय’ असं बोलणं मागा. मागितल्याशिवाय कोणी सांगेलच असं नाही.

१३. आजारी पडलो तर पगार कापतात का?

नोकरीला चार आठवडे झाले असतील तर नाही. एका आजारासाठी सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो, पुढे विमा. पहिल्याच सकाळी कामाची वेळ सुरू होण्याआधी कळवा. डॉक्टरांचं प्रमाणपत्र कायद्याने चौथ्या दिवसापासून लागतं, पण करारात पहिल्या दिवसापासून लिहिलेलं असू शकतं. ताप घेऊन ऑफिसात जाणं तिथे कष्टाळूपणा समजत नाहीत.

१४. मी नवऱ्यासोबत जातेय. मला काम करता येईल? घरी बसायचं नाहीये.

येईल, पहिल्या दिवसापासून, कोणतंही. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मन परीक्षेची अटही नाही. आणि हीच सूट पुढे नडते, असं मला वाटतं. नवरा ऑफिसात रुळतो. इकडे पुण्यात बँकेत टीम सांभाळलेली बाई, भाषा नाही म्हणून, घर, मूल आणि व्हिडिओ कॉल यांत अडकते. दोन वर्षांनी बायोडेटात खड्डा पडतो.

त्यामुळे नवऱ्याचं करारपत्र आलं की दोघांनीही भाषेला बसा आणि तुमच्या पदवीचं मूल्यांकन (प्रश्न २) त्याच वेळी मागवा. तिथे गेल्यावर ‘इंटिग्रात्सिओन्सकुर्स’साठी अर्ज करा, त्यात साधारण ६०० तास भाषा आणि १०० तास देशाची ओळख असते. मूल लहान असेल तर पाळणाघराचा अर्ज पत्ता मिळाल्या आठवड्यात करा. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला जागेचा कायदेशीर हक्क आहे, पण जागा कमी आहेत. महिना ६०३ युरोपर्यंतची ‘मिनीजॉब’, म्हणजे छोटी अर्धवेळ नोकरी, भाषेचा सराव म्हणून चांगली, पण तिच्यावर बेरोजगारी विमा जमत नाही. तिथेच वर्षानुवर्षं थांबू नका.

१५. नोकरी गेली तर लगेच देश सोडावा लागतो का?

लगेच नाही. पण घाईत केलेल्या गोष्टी महाग पडतात, म्हणून क्रमाने.

काढल्याचं पत्र कागदावर, हाताच्या सहीनेच द्यावं लागतं. ईमेल किंवा व्हॉट्सॲपवरची सूचना कायद्याने नोकरी संपवत नाही. ‘परस्पर संमतीने’ नोकरी सोडण्याचा कागद पुढे केला तर त्याच दिवशी सही करू नका. घरी घेऊन या, कोणाला तरी दाखवा. त्या सहीमुळे बेरोजगारी भत्ता बारा आठवडे अडू शकतो. काढणं अन्यायाचं वाटत असेल तर पत्र मिळाल्यापासून तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात जायचं असतं. दहापेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत सहा महिने झाले असतील तर कायद्याचं संरक्षण बरंच मजबूत आहे. ‘फेअर इंटिग्रात्सिओन’ची सल्ला केंद्रं परदेशी कामगारांना फुकट सल्ला देतात.

कळल्यापासून तीन दिवसांत रोजगार कार्यालयात ‘काम शोधतोय’ अशी नोंद करा. गेल्या ३० महिन्यांत १२ महिने हप्ते भरले असतील तर भत्ता मिळतो: आधीच्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मूल असल्यास ६७. ही भीक नाही, तुमच्याच विम्याचे पैसे आहेत आणि ते घेतल्याने परवान्याला धक्का बसत नाही.

परदेशी नागरिक कार्यालयाला कळवणंही बंधनकारक आहे. ब्लू कार्डवाल्याला नवी नोकरी शोधायला साधारण तीन महिने मिळतात, कार्डाला दोन वर्षं झाली असतील तर सहा.

१६. पहिल्याच वर्षी कंपनी बदलता येते?

ब्लू कार्डवर पहिल्या बारा महिन्यांत कार्यालयाला कळवावं लागतं आणि ते ३० दिवस बदल रोखून तपासणी करू शकतात. त्यानंतर मोकळीक. साध्या कुशल परवान्यावर मात्र कार्डासोबतच्या कागदावर मालकाचं नाव आहे का ते बघा. असेल तर आधी परवानगी.

१७. कायमचा परवाना आणि नागरिकत्व कधी?

ब्लू कार्डवर २७ महिन्यांनी, जर्मन बी१ असेल तर २१ महिन्यांनीच. इतर कुशल कामगारांना तीन वर्षांनी, त्यांना बी१ लागतंच. नागरिकत्वाचा अर्ज पाच वर्षांनी. जून २०२४ पासून जर्मनी दुहेरी नागरिकत्व चालवून घेते, भारत नाही. जर्मन पासपोर्ट घेतला की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो आणि मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांसाठीचं कार्ड. सातबारावर नाव असलेल्यांनी लक्षात ठेवा, ओसीआय असताना नवी शेतजमीन विकत घेता येत नाही.

१८. माझं वय ४७ आहे. उशीर झाला का?

दार बंद नाही, पण एक जादा अट आहे. ४५ पूर्ण झाल्यावर पहिल्यांदा कुशल कामगाराचा परवाना घेताना वर्षाचा पगार किमान ५५,७७० युरो हवा, नाहीतर म्हातारपणाची पुरेशी तरतूद दाखवावी लागते. इथलं पीएफ, एलआयसी, घर यांचे कागद त्यासाठी मांडून बघता येतात. ब्लू कार्डला ही वयाची अट नाही, त्यामुळे पगार बसत असेल तर सरळ प्रश्न ६ कडे जा.

१९. चार वर्षांनी परत आलो तर भरलेल्या पेन्शनचं काय?

पाच वर्षांपेक्षा कमी भरलं असेल तर, जर्मनी सोडल्यावर २४ महिने थांबून, स्वतःचा हिस्सा परत मागता येतो. मालकाचा हिस्सा मिळत नाही. पाच वर्षं पूर्ण झाली की निवृत्तीच्या वयात भारतातही पेन्शन मिळते. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार मे २०१७ पासून लागू आहे, त्यामुळे पात्रता ठरवताना भारतातला पीएफचा काळ जोडून धरता येतो. म्हणूनच परतावा घेण्याची घाई करू नका: एकदा पैसे घेतले की तो काळ खात्यातून पुसला जातो, आणि पुन्हा जर्मनीत गेलात तर मोजणी शून्यापासून. निघताना पेन्शन विमा क्रमांक, दरवर्षीची हप्त्यांची पत्रं आणि पत्ता रद्द केल्याचा दाखला एका फाइलमध्ये घेऊन या. २४ महिन्यांनी हेच कागद मागतात.